रस्त्याचे वर्षफल

आमच्या भागात घरातून निघणारा माणूस 'येतो' म्हणतो आणि घरातले त्याला 'येजा' म्हणतात. माझे एक सहाध्यापक मात्र निघणाऱ्या प्रत्येकाला, मग तो नागपुरास जाणारा असो की शेजारच्या गल्लीत, एकच शब्द म्हणत. "पोचजा." परत येणे ही पुढची गोष्ट, माणूस जिथे निघाला तिथे आधी पोचला पाहिजे, असा त्यामागे त्यांचा विचार होता. नव्या माणसाला हा शब्द काहीसा अशुभ वाटे. ज्यांना त्यांचा सहवास घडला, त्यांना पुढे तो आशीर्वादाच्या ठिकाणी वाटू लागला.

यवतमाळहून आर्णीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या काठी आमचे गाव. तेथील शाळेत ते गणित शिकवीत आणि मी संस्कृत. गावातल्या राममंदिराची पूजा आमच्या घराण्याकडे असल्यामुळे लोक मला गुरुजी म्हणत, तेही म्हणत. त्यांना गाव 'मास्तर' किंवा 'सर' म्हणे. मुलांनी त्यांना आणखी एक नाव ठेवले होते. गावात त्या काळी सिग्नल नव्हता. ते नाव मुलांनी सरांनाच देऊन टाकले होते.

त्याला कारणही तसेच होते. रस्त्याने चालताना ते नेहमी उजव्या कडेने चालत. वाहन आपल्या पाठीमागून येऊ नये, समोरून यावे, येणाऱ्याचे तोंड आपल्याला दिसावे, हा त्यांचा नियम. हा नियम ते शाळेच्या व्हरांड्यातही पाळीत, त्यामुळे मुख्याध्यापकांशी त्यांची अनेकदा समोरासमोर गाठ पडे. बारमाही त्यांच्या हाती काळी छत्री असे आणि तिला पाठीमागच्या बाजूस त्यांनी तांबड्या कापडाचा रुंद पट्टा शिवून घेतला होता. मंदिरात प्रदक्षिणा करताना देव उजव्या हातास ठेवावा, हा विधी ते निमूटपणे सांभाळीत, पण गाभाऱ्याच्या मागच्या कोपऱ्याशी आले की क्षणभर थांबून, मान वाकवून, पलीकडून कोणी येत नाही ना हे पाहून मगच वळत. त्यांच्या पत्नी तर सांगत, की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरही हे उजवीकडे, डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे पाहतात; विचारले तर म्हणतात, तुझ्या हातात गरम भांडे असते.

एकदा मी त्यांना विचारले, की जगात काळजी करण्यासारख्या इतक्या गोष्टी असताना आपण रस्ताच का निवडला. ते खडू बोटांत फिरवीत म्हणाले, "फळ्यावर चुकलं तं पुसता येते, गुरुजी." एवढेच. त्यावर मी पुन्हा कधी विचारले नाही.

चैत्र प्रतिपदेस सकाळची पूजा आटोपली, की सभामंडपात मी नव्या वर्षाचे पंचांग वाचीत असे. संवत्सराचा राजा कोण, मंत्री कोण, मेघांचा अधिपती कोण, पीकपाणी कसे, हे ऐकावयास आसपासची शेतकरी मंडळी आवर्जून येत. कापसाची ती वर्षे फार वाईट होती. अळीतून वाचलेल्या कापसाला भाव नव्हता आणि खरेदी केंद्रावर माल दिवसेंदिवस खोळंबून राही. त्यामुळे संवत्सरफलात कापसाचा उल्लेख आला, की सभामंडपात पंख्याचा आवाज ऐकू येई. दिवस वाईट आले, की माणसाचे हात लवकर जुळतात.

अशाच एका पाडव्याला माझे वाचन संपताच सर उठले आणि म्हणाले, "गुरुजींनी येणाऱ्या वर्षाचं सांगितलं. मी गेलेल्या वर्षाचं सांगतो. आपल्या रस्त्याचं." कोणी काही म्हणण्याच्या आत ते अंगणात उतरले आणि सडा घातलेल्या भूमीवर त्यांनी रांगोळीने गावातून जाणारा रस्ता काढला. पूल, एस.टी. स्थानक, शाळा, कापसाचे जिनिंग, पुढचे वळण, सारे जेथल्या तेथे. मग जेथे जेथे त्या वर्षी वाहनांची धडक झाली होती, तेथे तेथे खूण करण्यासाठी त्यांनी कुंकवाची पुडी सोडली. एका आजीबाईंनी लगेच त्यांचा हात धरला. "मास्तर, कुकू सौभाग्याचं असते बापा. ते असं सांडत नसतात." सर ओशाळले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि एका शेतकऱ्याकडून मूठभर सरकी मागून घेतली. तेव्हापासून खुणा सरकीच्याच झाल्या, एका अपघाताला एक दाणा.

पुढे हा प्रघातच पडला. माझे संवत्सरफल झाले, की सरांचे रस्त्याचे वर्षफल. दुसऱ्या वर्षापासून ते दोन रस्ते शेजारी शेजारी काढू लागले, एक गेल्या वर्षाचा आणि एक यंदाचा. तोंडाने ते आकडा कधी सांगत नसत. आकडा माणूस घरी जाईपर्यंत विसरतो, जागा विसरत नाही, असे त्यांचे म्हणणे. शेतकऱ्यांना ही भाषा उत्तम कळे. "पुलापाशी औंदा लय दाट पेरलं, सर," असे कोणीतरी हळूच म्हणे. वर्षानुवर्षे दाटी वाढतच होती. बैलगाड्या कमी होऊन मोटारसायकली वाढल्या होत्या आणि दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या, की दाणे भराभर पडत.

वर्षभर ही माहिती ते स्वतः फिरून मिळवीत. पोलीस ठाण्यात जात, दवाखान्यात जात, आणि आठवड्यातून एकदा एस.टी. स्थानकासमोरच्या मेकॅनिकचाचांच्या दुकानात बसत, कारण ज्या धडका कागदावर चढत नाहीत त्या वाकलेल्या हँडलच्या रूपाने तेथे येत. चाचा त्यांची थट्टा करीत. "सर, तुमचं ऐकून सारे सुधरले तं मी काय विकू? भजे?" सर गंभीरपणे उत्तर देत, "विका. मी रोज खाईन."

एका पाडव्याला मात्र अंगणातल्या रांगोळीकडे पाहून सर स्वतःच थबकले. जिनिंगच्या पुढे रस्ता नाल्याला वळसा घालतो, त्या वळणावर दाणे ठेवायला जागा उरली नव्हती. शेजारच्या, आदल्या वर्षाच्या रस्त्यावर तेच वळण जवळजवळ मोकळे होते. रस्ता तोच, नाला तोच. नवे काय झाले होते, हे त्या क्षणी तेथल्या प्रत्येकाला ठाऊक होते, पण देवळाच्या अंगणात ते कोण उच्चारणार? वळणाच्या कडेला त्या वर्षी एक शेंदूर लावलेला दगड बसला होता. लोक त्याला वळणावरचा मारोती म्हणू लागले होते.

सरांनी कोणताच निष्कर्ष काढला नाही. पुढचे चार दिवस शाळा सुटल्यावर ते नाल्याच्या कठड्यावर छत्री उघडून बसले आणि मग एके दुपारी शाळेच्या शिक्षकखोलीत माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनी पाहिले ते असे, की मोटारसायकलवाला वळणावर येतो, दगड दिसतो, आणि त्याचा हात हँडलवरून निघून छातीशी जातो. काहींचे दोन्ही हात जातात. कित्येकांचे डोळे मिटतात. अगदी वळताना, अगदी तेवढाच क्षण, गाडी कोणाच्याच हाती नसते.

"ती देवाच्या हाती असते, असे कोणी म्हणेल," मी म्हणालो.

"देवापाशी लायसन नाही, गुरुजी." मग स्वतःच्याच बोलण्याने ते दचकले आणि त्यांनी कान धरले. "तुमच्या शास्त्रात पाहा ना. हात न सोडता नमस्कार होते की नाही?"

मी ग्रंथ पाहून दोन दिवसांनी त्यांना सांगितले, की नमस्कार कायिक, वाचिक आणि मानसिक असा तीन प्रकारचा आहे, मनाने केलेला नमस्कार पूर्णपणे शास्त्रसंमत आहे. त्यांचा चेहरा फुलला. परंतु अर्धे सांगणे मला योग्य वाटेना. म्हणून हेही सांगितले, की या तिहींत शरीराने केलेला नमस्कारच उत्तम मानलेला आढळतो.

"म्हणजे शास्त्र माह्या विरोधात हाय," ते हळू आवाजात म्हणाले.

तसे नव्हते. वाहनावर बसून अथवा पायांत जोडा ठेवून देवासमोर जाणे हा सेवेतला अपराधच गणलेला आहे. तेव्हा धावत्या गाडीवरचा नमस्कार हा उत्तमही नव्हे आणि मध्यमही नव्हे. ज्याला उत्तम नमस्कार करावयाचा आहे, त्याने खाली उतरावे, पादत्राण काढावे, मग हात जोडावे. हे ऐकून सरांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि येत्या रामनवमीच्या प्रवचनात मी हेच सांगावे, असे वचन घेतले. मी सांगितले. लोकांना ते अतिशय पटले.

इतके पटले, की दुसऱ्या दिवसापासून भाविक मंडळी वळणावरच उतरू लागली. गाडी डांबरावर उभी, जोडे डांबरावर, आणि माणूस दगडासमोर हात जोडून. पंधरवडा उलटला नाही तोच कुटाराने, म्हणजे गुरांच्या भुशाने, भरलेली एक ट्रॉली वळली आणि एका तरुण कापडदुकानदाराचा पाय मोडला. सर आणि मी त्याला दवाखान्यात पाहावयास गेलो. प्लास्टरकडे बोट दाखवून तो मला मोठ्या भक्तिभावाने म्हणाला, "गुरुजी, बूट काढेल होता मी." सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ते हसत होते की काय, हे मला सांगता येणार नाही. बाहेर आल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "माणसं नाही चुकत. जागा चुकली हाय."

जागा हलवायची म्हणजे दगड हलवायचा, आणि दगडाला एक आई होती.

आदल्या हंगामात खरेदी केंद्राबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग जिनिंगवरून थेट त्या वळणापर्यंत आली होती. जवळच्या खेड्यातल्या एका विधवा बाईचा एकुलता मुलगा आपली बैलगाडी घेऊन रांगेच्या अगदी शेवटी उभा होता. दिवेलागणीच्या वेळी मागून ट्रक आला. गाडीच्या मागे ना दिवा होता ना तांबडी फडकी. तेराव्यानंतर त्या माउलीने आपल्या शेताच्या बांधावरचा एक दगड डोक्यावर आणून तेथे ठेवला, त्याला शेंदूर लावला, आणि ती रोज सायंकाळी पायी येऊन तेथे दिवा लावू लागली. बाकीचे सर्व लोकांच्या श्रद्धेने केले.

सर मला घेऊन तिच्याकडे गेले. तिने पाणी दिले, शांतपणे सारे ऐकून घेतले. शेवटी म्हणाली, "लोकाइसाठी तो मारोती हाय, गुरुजी. माह्यासाठी नाही. त्या दगडावर बसून माहा पोरगा भाकर खाये. जथी तो गेला तथीच मी त्याले बसवलं. आता तथून कायले उठवता त्याले?" यावर माझ्याजवळ शास्त्र नव्हते. सरांनीही गणित मांडले नाही. उठताना ते फक्त "पोचजा, माय" म्हणाले, तर ती म्हणाली, "मी घरीच हाव ना बापा."

त्या दिवसापासून सर रोज सायंकाळी वळणावर जाऊ लागले. मला वाटले होते, की ते तिची समजूत घालीत असतील. एकदा कळंबच्या चिंतामणीचे दर्शन घेऊन परतताना मी एस.टी.च्या खिडकीतून पाहिले. ती दगडापुढे बसून वातीला तेल घालीत होती. तिच्यापासून काही पावलांवर, तिच्या आणि रस्त्याच्या मध्ये, सर तिच्याकडे पाठ करून उभे होते. छत्री उघडी, तांबडा पट्टा येणाऱ्या वाहनांकडे. आमच्या चालकाने वेग कमी केला आणि एस.टी. त्यांना वळसा घालून पुढे गेली. सरांनी चालकाला मान लववली. ती बाई त्यांच्याकडे पाहतही नव्हती, तेही एक शब्द बोलत नव्हते. तिचा दिवा लागला, की ती आपल्या वाटेने जाई आणि हे आपल्या.

पावसाळा गेला. नवा कापूस निघाला. केंद्राबाहेर पुन्हा गाड्यांची रांग लागली आणि पुन्हा वळणापर्यंत आली. सर नेमाने उभे राहत. त्यांना त्या दिवसांत खोकला लागला होता. आम्ही पुष्कळ सांगितले, पण व्यर्थ. एके सायंकाळी तिने दिवा लावला आणि ती उठली नाही. पुढे सरांनीच मला हे सांगितले, तेही एकदाच आणि खाली पाहत. तिने विचारले, "मास्तर, तुमी इथं रोज काहून उभे राहता?" सर म्हणाले, तुझी पाठ रस्त्याकडे असते म्हणून. तिने दिव्याची वात सारखी केली. मग म्हणाली, "माह्या पोराच्या मांगं असं कोनी उभं नोतं." आणि थोड्या वेळाने, "न्या त्याले. पन तुमीच उचला. माह्या डोक्यावर आला होता, आता तुमच्या डोक्यावर जाऊ द्या."

वळणाच्या अलीकडे, जेथे रस्ता सरळ व रुंद आहे, तेथे एका शेतकऱ्याने बांधाकडेची कडुनिंबाखालची जागा आनंदाने दिली. मुहूर्त मी पाहिला. स्थापन झालेले दैवत हलविण्याचा विधी आहे. या दगडाची प्रतिष्ठा कोणत्याही मंत्राने झालेली नव्हती, तरी त्या आईच्या दिव्याने ती केली होती, असे मानून मी तो विधी सांगोपांग केला. कलशातले पाणी शिंपडले, शांतिपाठ म्हटला, क्षमा मागितली. सरांनी डोक्यावर चुंबळ ठेवली, दगड घेतला आणि निघाले. मागून गावातली माणसे, सारी रस्त्याच्या उजव्या कडेने, एकामागे एक, कारण सरांनी तशी ताकीदच दिली होती. ताशा वाजविणाऱ्यांनाही त्यांनी ओळीत चालविले. चाचा दुकान बंद करून आले होते आणि सरांची छत्री उघडून सर्वांच्या शेवटी चालत होते.

कडुनिंबाकडे जाण्यासाठी रस्ता ओलांडावा लागे. तेथे सर थांबले. डोक्यावर दगड, त्यामुळे त्यांना मान वळविता येईना. जन्मात प्रथमच त्यांच्यावर हा प्रसंग आला होता. ते तसेच ताठ उभे राहून म्हणाले, "माय, तू पाह्य."

ती पुढे झाली. तिने उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले. मग क्षणभर थांबून पुन्हा उजवीकडे पाहिले. "चला," ती म्हणाली.

त्या वर्षीच्या पाडव्याला दाण्यांची दाटी जुन्याच जागी होती, कारण वर्षाचा मोठा भाग आधीच गेला होता. त्याच्या पुढच्या पाडव्याला मात्र अंगणातल्या रांगोळीत वळण मोकळे राहिले. पुलापाशी अधिक दाटले होते, एस.टी. स्थानकापाशीही वाढले होते, एकंदर रस्ता काही सुधारला नव्हता; पण त्या वळणावर एकही दाणा नव्हता. लोकांनी सरांना पेढा भरवावयास घेतला. ती माउलीही आली होती. तिने विचारले, "थांबलं ना, मास्तर?" सरांनी पेढा हातातच धरला. "एका वर्षावरून कल ठरत नसते, माय. अजून एक वर्ष पाहू." तिला ते आवडले नाही. त्यापुढच्या पाडव्यालाही वळण मोकळे होते, आणि सर पुन्हा तेच म्हणाले. त्या वेळी ती रागावून पायऱ्यांवर जाऊन बसली आणि सरांना तिच्याजवळ जाऊन बसावे लागले.

पुढच्या हिवाळ्यात त्यांचा खोकला छातीत उतरला. ते आपल्या घरी, आपल्या अंथरुणावर, सर्वांच्या देखत गेले. शेवटच्या दिवशी मी त्यांच्या उशाशी विष्णुसहस्रनाम म्हणत होतो. ते संपल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले. बोलण्याचे त्राण त्यांना नव्हते. मीच त्यांचा हात हातात घेतला आणि आजवर जो शब्द केवळ ऐकला होता, तो प्रथमच उच्चारला. "पोचजा, सर."

उरलेल्या महिन्यांत पोलीस ठाण्यात, दवाखान्यात आणि चाचांच्या दुकानात मी जात राहिलो. पाडवा आला. मी पंचांग वाचले, संवत्सरफल सांगितले, आणि पोथी मिटून ठेवली. सभामंडपातून कोणीही उठले नाही. मी अंगणात उतरलो. माझा हात देवापुढची कमळे आणि स्वस्तिके काढणारा; रस्ता काही सरळ येईना. तरी पूल काढला, स्थानक काढले, जिनिंग काढले. चाचांनी कागदात बांधून आणलेली सरकी एकेक करून ठेवली. शेवटी वळण आले. तेथे ठेवण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

ती माउली काठी टेकीत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. काठीच्या टोकाने तिने ती मोकळी जागा दाखविली.

"आता तं म्हना, गुरुजी. थांबलं म्हनून."

मला ते म्हणावेसे वाटत होते. तिच्या मुखाकडे पाहून कोणालाही वाटले असते. पण बोटांना रांगोळी लागलेली होती आणि समोर सरांनी आखून दिलेला रस्ता होता.

"अजून एक वर्ष पाहू, माय," मी म्हणालो.

तिने एकदम वर पाहिले. मग पदर तोंडाशी धरून ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. भोवतीच्या साऱ्यांना ऐकू जाईल असे ती म्हणाली, "घ्या. मास्तर बोलून राह्यले."